सरकारला पापण्या फुटल्या

१ मार्च २०२५

भैरवी,

काल तू माईकवर "आईची थायरॉईडची गोळी" म्हणालीस, तिथं माझं सगळं बदललं. त्याच्या आधीचा राजवीर वेगळा होता. तो मागच्या रांगेत खांबाआड बसलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, फक्त टाळ्या वाजवायला आलेला. तुला माहीत नव्हतं मी आलोय. मोनाला शपथ घातली होती सांगू नको म्हणून. तुझी मैत्रीण असली तरी माझी चुलत बहीण आहे, गोष्ट पोटात ठेवते ती.

विज्ञान दिनाला एवढी गर्दी होते हे मला ठाऊक नव्हतं. तू बोललीस चांगलं, ते नाकारत नाही. मेक्सिकोच्या तळ्यातला अॅक्सोलॉटल, पालीसारखा अंगलोट, बेडकाच्या भावकीतला, पण जन्मभर पाण्यातच. पोरांचा बाप होतो तरी स्वतः पिल्लूच राहतो, गळ्याशी कल्ल्यांचे तुरे घेऊन. मग त्या देवाची गोष्ट. बळी जायला नको म्हणून रूपं बदलत पळालेला, शेवटी हा जीव होऊन पाण्यात लपलेला आणि तिथंच धरला गेलेला देव. मग पॅरिस. कुण्या मोठ्या शास्त्रज्ञानं मेलेला नमुना बघून लिहिलं, हे कशाचं तरी पिल्लू आहे, मोठं सापडायचंय. मोठं काही सापडेना, तेव्हा सगळे म्हणाले, मग हेच मोठं. आणि पुढं बऱ्याच वर्षांनी जिवंत आणले, तर त्यांच्या पिल्लांतली काही तुरे टाकून पाण्याबाहेर चढून बसली. "सगळ्या पुस्तकांना घाम फुटला," असं तू म्हणालीस. मी हसलो. हे सगळं तू मला आधी कळंब्याच्या तळ्यावर सांगितलेलं, शेंगा खात. त्या दिवशी पुस्तकांचा घाम नव्हता, तो नंतर घातलास. चांगला घातलास.

आणि मग म्हणालीस, "आमच्या कॉलेजातही एक होता. मलाही ते डोळ्यानं बघायचं होतं. मग आईची थायरॉईडची गोळी अर्धी करून, चुरून, त्याच्या पाण्यात टाकत गेले."

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या बायका जास्त हसल्या, प्रत्येकीच्या पर्समध्ये ती गोळी असणार. मी तेवढा बसल्या जागी गार झालो.

"आमचा एक मित्र बर्फाच्या बाटल्या आणायचा." एवढाच मी त्या भाषणात. नाव सुद्धा नाही. आख्खा उन्हाळा हातकणंगल्याहून गाडीला पिशवी अडकवून आणल्या की गं बाटल्या. कोल्हापूरच्या उन्हात तो जीव शिजला असता. दूध संस्थेच्या फ्रीजरमध्ये बाटल्या गोठवायच्या, दूध घालायला आलेली माणसं विचारायची, "काय राजवीर, ताडी का माडी?" आणि मी म्हणायचो, "सरकारला लागतंय." सरकार हे नाव मीच ठेवलेलं. नुसतं बसायचं, तुरे हलवायचे, तोंड उघडलं की गांडूळ मिळायला पाहिजे. दुसरं काय नाव ठेवणार.

मग तुला ऑगस्टमधला तो दिवस आठवत असेल. सरकारचे तुरे झडत चाललेले. शेपटीवरचा पडदा गेलेला. शिपाई आकाराममामा प्रयोगशाळेच्या दारातून ओरडले, "पावणं, सरकार पडलं की तुमचं!" आणि प्राणीशास्त्राचे उदयसिंह सर आले. त्यांनी मलाच विचारलं, "बाटल्या कुठं धुतोस?"

मी म्हटलं, "घरी. आई विसळते."

"कशात?"

"गोठ्यातल्या बादलीत."

"धार काढल्यावर म्हशीच्या सडाला काय लावता तुम्ही?"

ते तपकिरी औषध. आयोडीन. सर म्हणाले, आयोडीननं हा प्राणी बदलतो, लागलं असणार बाटल्यांना, तुमच्या गोठ्यानं एक अनमोल नमुना घालवला. सगळ्या वर्गासमोर. तू खिडकीशी उभी होतीस, वेणीचं टोक दातात धरून. मी तुझ्याकडं बघितलं. तू सरकारकडं बघत होतीस.

मला वाटलं तुला रडू येतंय.

नमुन्याची एक बरणी फोडली मी, सरांना नको ते बोललो, आणि बाहेर पडलो तो परत गेलो नाही. दुसरं वर्ष अर्धं राहिलं. सरकारला ते दुसऱ्या दिवशी फॉर्मलिनमध्ये घालणार होते, म्हणून जाताना मी त्याला आईस्क्रीमच्या डब्यात घालून घरी नेला. त्याला कॉलेज चोरी म्हणतं.

अर्धी गोळी, भैरवी. तुझ्या दातातल्या वेणीच्या टोकामागं ती अर्धी गोळी होती.

राजवीर


७ मार्च

भैरवी,

मोनाच्या फोनवर तुझा निरोप वाचला. "सॉरी. पण सरकार जिवंत आहे ना? मग एवढं काय झालं? फोटो पाहिजेत त्याचे, मासिकात लेख येतोय." मी तुला फोन लावत नाही कारण फोनवर मी तापतो आणि तू ठेवतेस. कागदाला ठेवून देता येत नाही. तो वाचावा लागतो.

एवढं काय झालं ते सांगतो.

त्या ऑगस्टच्या दिवशी मी घरी आलो आणि आईवर ओरडलो. बादली उचलून उकिरड्यावर फेकली. म्हटलं, तुझ्या घाणेरड्या हातानं माझं कॉलेज गेलं. चिमणाबाई नाव आहे तिचं, तू कधी विचारलं नाहीस.  दुसऱ्या दिवसापासून धार काढली की हात राखेनं घासायला लागली, साबणानं, परत राखेनं. अजून घासते. सरकारच्या डब्याला हात लावत नाही. गांडुळं काढून आणते शेणाच्या ढिगातून, लांबून ठेवते, म्हणते, "तूच घाल बाबा. माझा हात लागाय नको."

गेल्या आठवड्यात तुझं भाषण ऐकून आलो आणि तिला सांगितलं. जेवायला बसलेलो.

"आई, तुझ्यामुळं न्हवतं ते. त्या पोरीनं गोळी घातलेली पाण्यात."

"कुठली गोळी?"

"तिच्या आईची. गळ्याच्या दुखण्याची."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "कोण आपल्या आईची गोळी मुक्या जनावराला घालंल? शिकलेली पोरगी हाय ती."

"तिनं सोत्ता सांगितलं, माईकवर."

"न्हाय रं. तू आपला माझी समजूत काढाय लागलाईस." आणि वर मलाच म्हणाली, "वरडलास त्याचं मनात न्हाय माझ्या. जेव."

आता तिला पटवू कसा? माझ्या तोंडाला किंमत उरलेली नाही, ऑगस्टमध्ये मीच घालवली. म्हणून एकच मागतो. तू घरी ये. आईसमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग, की गोळी मी घातली, तुमच्या हातानं काही झालं नाही. सरांना सांगू नको, कॉलेजला सांगू नको, माझं नाव लेखात घालू नको. कॉलेज मला नको. फक्त हे.

तूच मला त्या जर्मनीतल्या बाईचं सांगितलं होतंस. तिनं पाणी हळूहळू कमी करत नेलं आणि अॅक्सोलॉटलला जमिनीवर आणला. तुला ती बाई व्हायचं होतं. पण त्या बाईनं लिहून ठेवलं की पाणी मी कमी केलं. तुम्ही निसर्गावर लिहिणाऱ्यांत पहिली गोष्ट हीच ना, आपल्या हातानं काय केलं ते आधी सांगायचं? का ते फक्त टाळ्या मिळत असतील तर?

सरकार बरा आहे. फोटो देत नाही.

राजवीर


१२ मार्च

मोना म्हणते तू पत्र वाचलंस आणि रडलीस. खरं असेल तर रडू नको. खोटं असेल तर मोनाला सांग असले निरोप आणू नकोस म्हणून, मी दिवसभर कामात चुका करतो. आज दूध संस्थेत चुलत्यांनी शिव्या घातल्या. गाईचं दूध म्हशीच्या कॅनमध्ये ओतलं मी.


१६ मार्च

भैरवी,

तू येतेस! रविवारी, तेवीसला. "सकाळी घरी ये, आपण दोघं तुझ्या गाडीवरून जाऊ," असं लिहिलंस. आपण दोघं. मी ते इतक्यांदा वाचलं की मोना फोन हिसकावून घेऊन गेली.

माझ्या मागच्या पत्रात कडू काही असेल तर सोडून दे. मी तापतो, तुला माहीत आहे. उतरतो पण.

आईला सांगितलं. ती आधी म्हणाली, "कशाला पोरीला तरास." मग लगेच खपली गहू निवडायला बसली. खीर करणार आहे. अप्पा, म्हणजे माझे चुलते, दूध संस्थेचे सचिव, त्यांचा हिशेब वेगळा. म्हणाले, "पोरगी घरला येतीया, खीर शिजतीया, हे कबुलीजबाब हाय का सुपारी फुटतीया?" मी म्हटलं, अप्पा, गप. पण हसू आलं मला. लपवून काय करू.

सरकारचं सांगतो. मी दूध संस्थेतच काम करतो आता, दूध गार करायच्या टाकीशेजारच्या खोलीत त्याचा डबा असतो. तिथं उन्हाळा शिरत नाही. आता तो पाण्यात राहत नाही, ओल्या नारळाच्या भुश्शात बसतो. रंग काळपट झालाय, गुलाबी गेला. तुरे नाहीत. पण एक गोष्ट तुझ्या भाषणात नव्हती, म्हणजे तू बघितली नाहीस. त्याला पापण्या आल्यात. आधी नव्हत्या, आठवतं? चोवीस तास डोळे उघडे. आपण दोघं काचेला नाक लावून बसायचो आणि तू म्हणायचीस, "बिचाऱ्याला सगळं बघावंच लागतं." आता तो डोळे मिटतो. पहिल्यांदा मिटले तेव्हा मी घाबरलो, वाटलं गेला. मग उघडले.

मी तुला कळंब्याला विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, "आधी सरकारचा उन्हाळा निघू दे, मग उत्तर देते." उन्हाळा काढला मी. पाऊस पण काढला, थंडी पण. आता दुसरा उन्हाळा आलाय. मी घाई करत नाही. नुसती आठवण देतोय.

रविवारी सरकारला पण आणतो. फोटो काढ. पापण्यांचा काढ.

तुझा,
राजवीर


रविवार, २३ मार्च
तुझ्या खोलीतून

भैरवी,

तुझ्याच टेबलावर, तुझ्याच पेननं लिहितोय. सरकारचा डबा समोर ठेवलाय, झाकणाला भोकं पाडलीत, आत गार भुस्सा आहे.

दार काकूंनी उघडलं. "अरे, ती आत्ताच गेली. सरांचा फोन आला, अंक छापायला चाललाय म्हणे. बस तिच्या खोलीत, तुझ्यासाठी काहीतरी वाचायला ठेवलंय." आणि चहा टाकायला गेल्या.

वाचलं. लेखाची छापायला जाणारी प्रत आणि त्यावर पिवळी चिठ्ठी. "राजवीर, वाच!! आईंचं नाव घातलंय! आज गावाला नाही जमणार, अंक आला की तोच घेऊन येईन त्यांच्याकडे. सरांशी बोललेय, सोबत ठेवलेला माफीचा अर्ज भरून दिलास तर जूनपासून तुला परत घेतील."

भाषण मला पाठ व्हायला आलं होतं त्या एका ऐकण्यात. म्हणून कुठं काय बदललंय ते लगेच लागलं. तो देव आहे. पॅरिस आहे. पुस्तकांचा घाम आहे. जर्मनीची बाई आहे. गोळी नाही. गोळीच्या जागी लिहिलंय, हातकणंगले परिसरातल्या एका गोठ्यातून येणाऱ्या बाटल्यांना आयोडीन लागलेलं होतं, आणि "जे साधायला युरोपातल्या प्रयोगशाळांना वर्षं लागली, ते निसर्गानं एका अडाणी हाताकडून नकळत करवून घेतलं." आणि शेवटी ऋणनिर्देश. सौ. चिमणाबाई, यांच्या गोठ्याशिवाय हा लेख घडला नसता.

वाक्य चांगलं आहे. वाक्यं तुझी कायम चांगलीच असतात.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा माझ्या हातात ते कागद होते. मी ओरडलो नाही. कप घेऊन खाली ठेवला. त्याच बोलायला लागल्या. "फार मनस्ताप झाला रे तिला. भाषणानंतर कुणीतरी तक्रार केली कॉलेजकडे, प्राण्यावर असा प्रयोग करायला परवानगी लागते म्हणून. बंगळुरूची अॅडमिशन जायची वेळ आलेली. मग सरांनीच सुचवलं, ती गोळीची ओळ काढ. मला पण बरं वाटलं बाई. माझं नाव कशाला त्यात."

मी म्हटलं, "तुमचं निघालं काकू. माझ्या आईचं बसलं."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. बादली, राख, आई अजून हात घासते ते. मी किती मोठ्यानं बोलत होतो माहीत नाही, पण सरकारनं डोळे मिटून घेतले.

काकू खुर्चीवर बसल्या. पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात माझ्या गोळ्या महिना भरायच्या आधीच संपायच्या. मला वाटायचं मीच विसरून दोनदा घेते. डॉक्टरांना सांगितलं, डोकं चालत नाही माझं हल्ली. त्यांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. भैरवीच घेऊन गेली मला."

हे तू ऐकायला पाहिजे होतंस. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, भिंतीशी बोलत होत्या. तुझ्या आईला वाटलं आपलं डोकं गेलं. माझ्या आईला वाटलं आपला हात वाईट. आणि तुला दोन्ही माहीत होतं, आणि तू दोघींनाही काही बोलली नाहीस.

मी म्हटलं, "काकू, तुम्ही सांगाल का आईला? फोनवर."

त्यांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला. मग म्हणाल्या, "लिहून नाही देणार हं मी, राजवीर. कॉलेजात येऊनही सांगणार नाही. पोरगी आहे माझी."

"तोंडानं सांगा."

मी नंबर लावला, आवाज मोठा केला. आई चुलीपुढं असणार, भांड्याचा आवाज येत होता.

"चिमणाबाई? मी भैरवीची आई बोलते, लीला. ते तुमच्या राजवीरनं पाळलेलं आहे ना, त्याला माझी गोळी लागली. माझ्या मुलीनंच घातली. तुमचा हात अगदी स्वच्छ आहे हो."

तिकडं भांडं वाजायचं थांबलं.

"व्हय?" आई म्हणाली.   पुढचा आवाज नेहमीचा नव्हता, नाकातून येत होता. "म्हंजी पोरगं खरं बोलत हुतं की ओ. आनि मी आपली... बरं, आता तुमीच या. खीर शिजलीया. पोरगी न्हाय तर न्हाय."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. आणि उठून साडी बदलायला गेल्या, भैरवी. खरंच गेल्या.

त्या आता खाली माझ्या गाडीपाशी उभ्या आहेत. मी म्हटलं, दोन मिनिटं, एक पत्र लिहून येतो. त्या म्हणाल्या, लिही, आणि येताना दार ओढून घे, लॅच आहे, आपोआप लागतं.

कागद फाडावेत असं फार वाटलं. शाईची बाटली पण जवळच आहे तुझी. पण मागं मी बरणी फोडली आणि सरांचं आयोडीन खरं ठरलं, जो ओरडतो तो चोर. म्हणून तुझी प्रत जशी होती तशी ठेवतोय, चिठ्ठीसकट. अंक निघू दे. फक्त आईकडं तो आणू नकोस. ती चौथी शिकलीय, एकेक अक्षर लावून वाचते. "अडाणी" शब्दापर्यंत पोचायला तिला वेळ लागेल, पण ती पोचेल. कौतुकानं वाचत वाचत पोचेल.

सरकारचा फोटो मिळणार नाही. आणलाय, समोर आहे, तुझ्या खिडकीतलं ऊन डब्यावर यायला लागलंय, म्हणून आता उठायलाच पाहिजे. पापण्यांचं तू लिहिलं नाहीस, मी शोधलं. मी पत्रात सांगितलं होतं तरी नाही. तुझ्या लेखात तो अजून डोळे उघडे ठेवून बसलाय.

कळंब्याचं उत्तरही आता देऊ नकोस. विचारलेलं परत घेतो.

माफीचा अर्ज कोरा सोडलाय, टेबलावरच आहे. पेन त्यावर ठेवतो. डबा काखेत घेतला. काकू खालून हॉर्न वाजवायला लागल्यात, त्यांना गाडीचा हॉर्न कुठं असतो ते सापडलं वाटतं.

हे पत्र तुझ्या उशीवर टाकतो आणि दार ओढून घेतो.